‘वऱ्हाड’ लिहिताना : सकळ लिपी, फाँट आणि स्वतःचे संकेतस्थळ

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि १८८१ पर्यंत तिचे ८४ अंक काढले. त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर एकट्या शास्त्रीबोवांच्या हातचा होता. विषय त्यांचा, मते त्यांची, भांडणेही त्यांचीच. एका माणसाने स्वतः लिहावे, स्वतःच संपादन करावे आणि कोणाच्या परवानगीची वाट न पाहता ते वाचकांपुढे ठेवावे, ही हौस मराठीला नवी नाही, हे सांगण्यासाठी एवढा एक दाखला पुरे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या मराठी माणसांनी आंतरजालावर स्वतःची संकेतस्थळे थाटली, ती मंडळी नकळत याच वाटेने चालली होती. त्यांच्या आनंदाचा व वैतागाचा थोडासा इतिहास येथे मांडावा असा आमचा विचार आहे. त्यासाठी आम्हांस पुण्याहून यवतमाळास आणि एकविसाव्या शतकातून चौदाव्या शतकात जावे लागणार आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा.

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजालाची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. आरंभी ती मोजक्या महानगरांपुरतीच होती. अमेरिकेतील मराठी माणसे त्याआधीपासून जालावर वावरत होती आणि ‘मायबोली’ हे संकेतस्थळ तिकडूनच १९९६ मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास ‘जिओसिटीज’सारख्या सेवा कोणालाही फुकट जागा देऊ लागल्या होत्या. जिओसिटीजने आपल्या जागेची वस्त्यांमध्ये विभागणी केली होती. साहित्य, शिक्षण व तत्त्वज्ञान यांच्यासाठी जी वस्ती होती तिचे नाव ‘अथेन्स’. त्या वस्तीत आपल्या पानाला घरक्रमांक मिळे. यवतमाळ किंवा पुसद येथील एखाद्या कवितावेड्या प्राध्यापकाने अथेन्समध्ये घर करावे, ही कल्पनाच त्या वेळी गुदगुल्या करणारी होती.

हे आनंद खरोखरच लहान होते. पानाच्या तळाशी बसविलेला भेटींचा आकडा काल ४१ होता आणि आज ४३ झाला, एवढ्याने दिवस चांगला जाई. त्या दोहोंपैकी एक भेट आपलीच असण्याचा संभव असे, पण दुसरी तर परक्याची होती! छापील पुस्तकातील मुद्रणदोषास शुद्धिपत्र जोडावे लागते. येथे मध्यरात्री उठून ऱ्हस्व ‘ति’ दीर्घ केली की पहाटेच्या वाचकाला चूक होती हे कळतही नसे. आम्ही काही जणांनी वऱ्हाडी शब्दांची एक यादी जालावर ठेवली होती. ‘वावर’, ‘काहून’, ‘पऱ्हाटी’, ‘तुऱ्हाटी’ असे रोजच्या बोलण्यातले शब्द त्यात होते. महिनोन् महिने कोणी फिरकत नसे. मग एके दिवशी सातासमुद्रापलीकडून दारव्ह्याच्या एखाद्या माहेरवाशिणीचे पत्र येई की, हा शब्द आजीच्या तोंडून ऐकल्यावर तीस वर्षांनी आज पुन्हा भेटला. संपादक नाही, मानधन नाही, परीक्षण नाही. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचाच हा प्रकार; पण असे एक पत्र आले की भाजणाऱ्याला भाकरीची चव कळे.

आता वैताग. भारनियमन होते, तासावर पैसे मोजून संगणक वापरावा लागे, दूरध्वनीची जोडणी मध्येच तुटे. या साऱ्याला उपाय होता. तो म्हणजे पुन्हा प्रयत्न करणे. उपाय नव्हता तो लिपीच्या वैतागाला. संगणकाच्या त्या वेळच्या अक्षरतक्त्यात रोमन लिपीसाठी आखलेली दोनेकशे घरे होती. फाँट तयार करणाऱ्यांनी त्या घरांतून रोमन अक्षरे हुसकून देवनागरीचे तुकडे बसविले. कोठे काना, कोठे अर्धा ‘क’, कोठे वेलांटी. कोणता तुकडा कोणत्या घरात बसवायचा याचा निर्णय प्रत्येकाने आपापला केला. शिवाजी, शुषा, किरण, आकृती, श्रीलिपी अशी अनेक घराणी झाली आणि एकाचे लिखाण दुसऱ्याला वाचता येईना. इस्की नावाचे भारतीय प्रमाण १९९१ पासून अस्तित्वात होते. पण जालावरची पाने उघडणाऱ्या साध्या न्याहाळकास ते कळत नसे. त्यामुळे प्रत्येक संकेतस्थळाच्या दारावर पाटी असे : आधी आमचा फाँट उतरवून घ्या, मग आत या. ज्याच्याजवळ तो फाँट नसे त्याला कवितेच्या जागी रोमन अक्षरांचा, स्वल्पविरामांचा व कंसांचा उकिरडा दिसे. काही जण कंटाळून कवितेचे चित्र काढून ते पानावर चिकटवीत. ते सर्वांना दिसे, पण त्यात एक शब्दही शोधता येत नसे.

आपल्याच भाषेत लिहिलेले आपल्याच भाषकांना वाचता येऊ नये, हा प्रसंग मराठीवर पहिल्यांदाच आला होता काय? नाही. याआधीचा प्रसंग ज्यांनी उलगडला त्यांच्यापैकी एक विद्वान यवतमाळचे होते.

यशवंत खुशाल देशपांडे हे यवतमाळातील वकील. वऱ्हाडचा इतिहास व महानुभाव वाङ्मय हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. यवतमाळची ‘शारदाश्रम’ ही संस्था त्यांनी उभी केली, जुन्या पोथ्या मिळविल्या आणि १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ लिहिला. मराठीच्या विद्यार्थ्यांना आज ‘लीळाचरित्र’ पहिल्याच वर्षी भेटते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत संप्रदायाबाहेरच्या मराठी अभ्यासकांना हे वाङ्मय जवळजवळ अज्ञात होते, हे त्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. ते अज्ञात राहण्याचे एक मोठे कारण लिपी हे होते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. सकळ लिपी चौदाव्या शतकात रवळोबासांनी सिद्ध केली असे मानले जाते. तीत भाषा मराठीच. केवळ एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह. ज्याला किल्ली ठाऊक त्याला पोथी सहज वाचता येई, इतरांना ती निरर्थक रेघोट्यांसारखी दिसे. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांच्या प्रयत्नांनी आणि संप्रदायातील काही महंतांच्या औदार्याने ही किल्ली बाहेर आली व मराठी वाङ्मयाचा आरंभकाळ नव्याने लिहावा लागला. त्या कामातील वऱ्हाडचा वाटा देशपांडे व त्यांचा शारदाश्रम यांनी उचलला.

यातील विरोधाभास मोठा आहे. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशोबासांना नागदेवाचार्यांनी अडविले होते. असे केले तर आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील, अशी त्यांची चिंता ‘स्मृतिस्थळा’त नोंदलेली आहे. सर्वांना कळावे म्हणून ज्यांनी मराठीचा आग्रह धरला त्यांच्याच परंपरेने पुढे ती मराठी कुलपात ठेवली. या कुलपाचा एक लाभही झाला, असे अभ्यासक सांगतात. बाहेरच्यांचा हात न लागल्यामुळे आणि लेखनिकाला प्रत्येक चिन्ह जपून उतरवावे लागत असल्यामुळे पोथ्यांतील जुनी भाषा पुष्कळशी जुनीच राहिली. हानी अशी की, सुमारे सहाशे वर्षे उरलेल्या महाराष्ट्राला आपल्या गद्याचा उगम ठाऊक नव्हता.

सकळ लिपी आणि १९९५ ते २००५ च्या सुमाराचे फाँट यांत साम्य उघड आहे : दोन्ही ठिकाणी चिन्हाची अदलाबदल, दोन्ही ठिकाणी किल्लीची गरज. परंतु आम्हांस त्यांतील भेद अधिक महत्त्वाचा वाटतो. सकळ लिपीची किल्ली एका माणसाजवळ नव्हती. ती मठामठांत, गुरूकडून शिष्याकडे, वऱ्हाडापासून पंजाबापर्यंत चालत राहिली. तिच्या मागे वाचणाऱ्यांचा समाज होता. फाँटची किल्ली मात्र त्याच्या निर्मात्याजवळ असे. त्याने धंदा बदलला किंवा नवी आवृत्ती काढली की जुने लिखाण अनाथ होई. ‘कूट लिपी’ म्हणून आपण जिला नावे ठेवतो ती सहा शतके टिकली आणि ‘सोय’ म्हणून ज्यांचे स्वागत झाले ते फाँट पंधरा वर्षेही धड टिकले नाहीत. लिखाण तगते ते लिपीच्या सुलभतेमुळे की ती जाणणाऱ्या माणसांमुळे, हा प्रश्न येथे उभा राहतो.

त्याचे उत्तर ‘लीळाचरित्रा’च्या इतिहासातच आहे. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना विचारून चक्रधरांच्या लीळा लिहून काढल्या. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत, ज्याला संप्रदाय ‘खालशाची धाड’ म्हणतो, ती मूळ पोथी नाहीशी झाली. पण हिराइसा व इतर काही जणांना ती मुखोद्गत होती. त्यांनी आठवून आठवून ती पुन्हा सांगितली आणि त्या सांगण्यातून निरनिराळे पाठ सिद्ध झाले. आज आपण वाचतो तो ग्रंथ या पुनर्लेखनांवर उभा आहे. मूळ प्रत एकच होती, ती गेली. ग्रंथ अनेकांच्या ठायी होता, तो राहिला.

आता पुन्हा संगणकाकडे येऊ. सर्व लिप्यांना एकाच तक्त्यात कायमची घरे देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. देवनागरी तीत पहिल्यापासून होती. पण घरगुती संगणकावर ती दिसू लागायला विंडोज २००० आणि २००१ चे एक्सपी यावे लागले. एक्सपीवरही पूर्वेकडील क्लिष्ट लिप्यांची सोय मुद्दाम सीडी घालून चालू करावी लागे. ‘बरहा’, ‘गमभन’ अशा साधनांनी टंकलेखन सोपे केले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ मध्ये ‘मनोगत’ आले आणि मराठी जालावर प्रथमच अशी पाने दिसू लागली की ज्यांना किल्ली लागत नव्हती. एका पानावरचा मजकूर उचलून दुसरीकडे ठेवता येऊ लागला. शोधयंत्रात ‘यवतमाळ’ लिहिले की यवतमाळ सापडू लागले. आज ज्यांना हे स्वाभाविक वाटते त्यांना तो आनंद समजावून सांगणे कठीण आहे.

मात्र ‘यवतमाळ’ सापडले तरी ‘वऱ्हाड’ चटकन सापडत नव्हते. हा वैताग बारीक होता, पण तो फार शिकवून गेला. देवनागरीचा संगणकीय नियम असा की, ‘र’ला हलन्त देऊन पुढे व्यंजन लिहिले की त्याचा रफार होतो. हिंदीला तेवढे पुरते. मराठीला पापणीसारखा अर्धा ‘र’ही लागतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एकांना गुरुदक्षिणा द्यायची असते, दुसऱ्यांना स्वयंपाकाची मजुरी. हा ‘र’ लिहिण्याच्या दोन रीती रूढ झाल्या. एकीत दाक्षिणात्य ध्वनीसाठी ठेवलेला, खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरावयाचा. दुसरीत साध्या ‘र’नंतर हलन्त देऊन एक अदृश्य जोडचिन्ह घालावयाचे. पडद्यावर ‘वऱ्हाड’ आणि ‘वर्‍हाड’ सारखेच दिसतात. संगणकाच्या पोटात मात्र ते दोन निराळे शब्द असतात. ज्यांना यातील काहीच जमत नसे ते ‘वर्हाड’ असे लिहून मोकळे होत. अशा रीतीने एका प्रदेशाची तीन नावे झाली आणि एकाच्या शोधात दुसरे हाती लागेनासे झाले. ज्या जिल्ह्याचे जगणे पऱ्हाटीवर अवलंबून त्याला ‘पऱ्हाटी’ हा शब्दही धड लिहिता येत नव्हता. ‘ॲ’ या अक्षराची कथाही अशीच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळाले ते २००८ मध्ये. त्यानंतर ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला व अक्षरवळणे ठरविली. स्वतःचे संकेतस्थळ चालविणाऱ्याला हे सारे आपल्या पानावर अक्षरशः हाताने निस्तरावे लागले. जुन्या फाँटमधील लेख नव्या लिपीत आणताना वेलांट्या चुकत, जोडाक्षरे फुटत. एकेक लेख पुन्हा वाचूनच सुधारावा लागे. सकळ लिपीतील पोथी बाळबोधीत उतरविणाऱ्यांचे कष्ट अशा वेळी नीट समजतात.

२६ ऑक्टोबर २००९ रोजी जिओसिटीज बंद झाले. अथेन्समधील सर्व घरे एका दिवसात गेली. काही उत्साही मंडळींनी त्यांतील पुष्कळ पाने आधीच उतरवून घेतली होती. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ ही संस्थाही १९९६ पासून जालावरील पानांच्या प्रती साठवीत आली आहे. तथापि, मराठी पानांची अडचण तेथेही सुटत नाही. प्रत असते, पण ती ज्या फाँटमध्ये लिहिली गेली तो हाताशी नसतो. पोथी मिळाली, किल्ली हरवली! शिवाय ज्यांनी फुकटची जागा सोडून स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घेतला, त्यांना दरवर्षी त्याचे भाडे भरावे लागते. धनी हयात आहे तोवर ते भरले जाते. त्याच्यामागे मुलांना परवलीचा शब्द ठाऊक नसतो आणि वर्षभरात त्या पत्त्यावर भलतेच दुकान उघडते. एकट्याने चालविण्यातील स्वातंत्र्य आणि एकट्याबरोबर संपण्याची भीती ही एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत.

हा प्रश्न केवळ कविता व शब्दसूची यांपुरता असता तर त्यास हौशी माणसांचे दुःख म्हणून बाजूस सारता आले असते. पण यवतमाळ जिल्ह्याची एक नोंदवही याच माध्यमात लिहिली गेली आहे. पांढरकवड्याचे किशोर तिवारी यांच्या विदर्भ जन आंदोलन समितीने २००० नंतरच्या दशकात एका फुकटच्या अनुदिनीवर कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. त्यातील पुष्कळसा मजकूर इंग्रजीत होता. तो साहित्य म्हणून लिहिलेला नव्हता; देशी-परदेशी वार्ताहरांना त्याचा आधार मिळाला. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्या सहांत यवतमाळ होता. सरकारी आकडे निकषांनुसार बदलतात, वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. अशा वेळी एखाद्या तालुक्याच्या गावाहून चालणारे पान ही इतिहासाची साधनसामग्री होते. असे पान उद्या कोणाच्या भरवशावर राहणार, हा प्रश्न म्हणूनच हौशी माणसांपुरता राहत नाही.

याच्या उलट एक उदाहरणही यवतमाळचेच आहे. जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली तेथे भरले. उद्घाटक म्हणून बोलाविलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण आयत्या वेळी मागे घेण्यात आले आणि उद्घाटन जिल्ह्यातीलच वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. सहगल यांचे भाषण मंडपात झाले नाही. पण त्याचा मजकूर इंग्रजीत व मराठीत जालावर हातोहात पसरला आणि मंडपात मावली असती त्याहून कितीतरी अधिक माणसांनी तो वाचला. निमंत्रणाच्या वादातील कोणतीही बाजू घेतली तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल : तो मजकूर एखाद्या खासगी फाँटमध्ये अडकलेला असता तर असा पसरला नसता. सर्वांची लिपी आणि अनेकांचे हात या दोन्ही गोष्टी त्याला मिळाल्या. हिराइसांनी जे केले ते येथे हजारो अनोळखी माणसांनी केले. मात्र त्यांना पाठांतराचे कष्ट पडले नाहीत.

मराठीच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे? संशोधनाचे विषय संपले अशी तक्रार आपण अधूनमधून ऐकतो. प्रत्येक तालुक्यात दहा-पंधरा वर्षे स्वतःचे पान चालवून थकलेले, निवर्तलेले असे लेखक आहेत. त्यांचे लिखाण कोणत्या फाँटमध्ये आहे ते शोधावे, ते युनिकोडमध्ये आणावे, मूळ पानाशी ताडून पाहावे, पाठभेद नोंदवावेत, घरच्यांची परवानगी घेऊन त्याच्या दोन-चार प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि एक कागदावर छापून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावी. हे काम पाठचिकित्सेचेच आहे. देशपांड्यांच्या पिढीने पोथ्यांसाठी मठांची दारे ठोठावली. आपल्याला फार तर एखादा जुना संगणक उघडण्याची विनंती करावी लागेल.

जे आज स्वतःचे संकेतस्थळ चालवीत आहेत त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. लिहीत राहावे, भेटींचा आकडा पाहून खुशाल हरखावे, मध्यरात्री उठून वेलांटी दुरुस्त करावी. हे सुख फुकट मिळते, ते सोडू नये. फक्त कुलपाची एक किल्ली शेजारी ठेवून द्यावी. आणि ‘वऱ्हाड’ लिहिताना तो कोणत्या रीतीने लिहिला हे कोठेतरी टिपून ठेवावे. शंभर वर्षांनी कोणी शोधू लागला तर त्याला तो सापडला पाहिजे.